सिफिलिसच्या जंतूचं कूळ: सांगलीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

विषय पक्का झाला. ट्रेपोनेमा पॅलिडम, म्हणजे सिफिलिसचा (उपदंशाचा) जीवाणू. त्याचे जे जीनोम (म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरं) सगळ्यांसाठी खुले आहेत त्यातले डझनभर घ्यायचे, वंशवृक्ष काढायचा आणि औषधाला दाद न देणारा बदल त्या झाडावर कुठे बसतो ते बघायचं. वर्गात बाकीच्यांकडे हळदीची कंदकूज, द्राक्षावरचा डाऊनी, दुधाची तपासणी असे आपल्या जिल्ह्याचे विषय आहेत. माझा विषय वाचल्यावर मागच्या बाकांवर कुजबूज झाली. मॅडमनी मात्र नेमका प्रश्न विचारला, "वाढवणार कशावर?"

वाढवायचा नाहीच. अगार प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या नेहमीच्या बशीत, तो येत नाही. १९०५ मध्ये बर्लिनला शाउडिन आणि हॉफमन यांनी तो पहिल्यांदा पाहिला, आणि त्यानंतर शंभरावर वर्षं तो जिवंत ठेवायचा म्हणजे सशाच्या वृषणात टोचायचा, एवढा एकच रस्ता होता. सशाच्या पेशींच्या थरावर तो सलग वाढवता आला २०१८ मध्ये. तिथेही एकाचे दोन व्हायला तीस तासांहून जास्त लागतात. ई. कोलाय तेच काम वीस मिनिटांत करतो. जाडी ०.२ मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे ग्राम स्टेनमध्ये (जंतू रंगवायच्या नेहमीच्या पद्धतीत) दिसतही नाही, काळ्या पार्श्वभूमीवर दाखवणारा डार्क फील्ड मायक्रोस्कोप लागतो. आमच्या लॅबमध्ये यातलं काहीच शक्य नाही. लॅपटॉप आहे, नेट आहे. त्यावरच काम.

१० जानेवारी

यादी केली. निकोल्स पहिला. १९१२ मध्ये अमेरिकेत मेंदूपर्यंत सिफिलिस पोचलेल्या एका रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यातून हा जंतू मिळाला, आणि तेव्हापासून सशातून सशात चालत आला. १९९८ मध्ये जीनोम पूर्ण वाचला गेला तो याच वाणाचा. दुसरा एसएस१४, १९७७, अटलांटा. शिवाय मेक्सिको ए, डॅल-१, शिकागो. यॉजचे समोआ डी, सीडीसी-२, गोतिये. बेजेलचा बोस्निया ए. गिनीतल्या एका बबून माकडातून १९६६ मध्ये मिळालेला फ्रिबुर्ग-ब्लाँ. बाहेरचा पाहुणा म्हणून सशाचा स्वतःचा ट्रेपोनेमा, म्हणजे झाडाला मूळ कुठे लावायचं ते कळेल.

यॉज आणि बेजेल का, असं पार्टनरने विचारलं. तर हे तिघं एकाच प्रजातीचे उपप्रकार. सिफिलिस लैंगिक संबंधातून आणि आईकडून पोटातल्या बाळाला जातो. यॉज उष्ण, दमट भागातल्या मुलांमध्ये कातडीला कातडी लागून पसरतो. बेजेल कोरड्या मुलखात, एका भांड्याने पाणी पिण्यातून. सिफिलिस आणि यॉज यांच्या जीनोममधला फरक ०.२ टक्क्यांच्याही आत आहे. मायक्रोस्कोपखाली ते वेगळे ओळखता येत नाहीत, रक्ताच्या तपासणीतही नाहीत.

यॉज आपल्याकडे होता हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. १९९६ मध्ये ओडिशातल्या कोरापुटपासून निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, महाराष्ट्रही त्यात होता. घरोघर जाऊन रुग्ण शोधले, पेनिसिलिनचं एकेक इंजेक्शन दिलं. शेवटचा रुग्ण २००३ मध्ये, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचं जाहीर केलं. देवी आणि पोलिओबद्दल शाळेत शिकवलं, याच्याबद्दल कुणी एक ओळ सांगितली नाही. दऱ्याखोऱ्यांतून पायपीट केलेल्या त्या आरोग्यसेवकांचं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं असं मला वाटतं. मॅडमना विचारते.

१७ जानेवारी

सगळे जीनोम उतरवले, एकाखाली एक लावले. लांबी साधारण ११ लाख ४० हजार अक्षरं, जनुकं हजाराच्या थोडी वर. ई. कोलायचा नेहमीचा लॅबमधला वाण ४६ लाखांचा असतो. काय काय नाही याचीच यादी मोठी आहे: ऊर्जा बनवणारी क्रेब्ज सायकल नाही, फॅटी ॲसिड स्वतः बनवत नाही, बहुतेक अमिनो ॲसिडही नाहीत. सगळं माणसाच्या शरीरातून उचलायचं. म्हणून तर तो प्लेटवर येत नाही. माणूस सोडून सिफिलिसच्या जंतूला निसर्गात दुसरं घर नाही.

प्लाझ्मिड, म्हणजे जंतूंमध्ये देवाणघेवाण होणारं डीएनएचं सुटं कडं, नाही. उड्या मारणारी जनुकं नाहीत. दुसऱ्या जातीच्या जंतूकडून जनुक उसनं घेण्याची ही जी नेहमीची वाट, ती याच्याकडे जवळपास बंद आहे. हे इथे ठळक लिहून ठेवते, पुढे लागणार आहे.

टीपीआर नावाचं बारा जनुकांचं कुटुंब आणि एआरपी, एवढं झाडातून वगळलं. ही जनुकं एकमेकांसारखी आहेत आणि आपसात तुकडे बदलतात. ती ठेवली तर झाडावर खोटी नाती दिसतात.

१८ जानेवारी

लाइट गेली. अलाइनमेंट पुन्हा लावली.

२७ जानेवारी

पहिलं झाड आलं! सशाचा ट्रेपोनेमा दूर एकटा, अपेक्षेप्रमाणे. मग दोन मोठ्या फांद्या. एकीवर यॉज आणि बेजेल, दुसरीवर सगळे सिफिलिस. बबूनचा वाण थेट माणसांच्या यॉजमध्ये जाऊन बसला, वेगळा नाहीच. सिफिलिसच्या फांदीला पुन्हा दोन फाटे: एकात निकोल्स, डॅल-१, शिकागो, दुसऱ्यात एसएस१४ आणि मेक्सिको ए. बूटस्ट्रॅप, म्हणजे प्रत्येक फाट्याच्या खात्रीचा आकडा, उत्तम.

हे आमचं संशोधन नव्हे, हे दोन फाटे जगाला ठाऊक आहेत. २०२१ मध्ये २३ देशांतल्या ७२६ जीनोमवर झालेल्या कामातही हेच दोन निघाले, आणि त्यांचे १७ उपफाटे. पण आपल्या हाताने उतरवलेल्या अक्षरांतून तेच चित्र उभं राहिलं याचा आनंद वेगळा. पार्टनरने स्क्रीनचा फोटो काढून घरी पाठवला. तिच्या आईचा उलटा निरोप आला, "झाड छान आहे, कशाचं आहे?" तिने खरं ते सांगितलं. याचं मला फार कौतुक वाटलं.

त्या ७२६ जीनोमच्या कामातली एक गोष्ट मनातून जात नाही. १९८३ च्या आधी गोळा केलेले बहुतेक वाण आजच्या फांद्यांपासून वेगळे पडतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी जंतूंची संख्या एकदम आकसली आणि २००० नंतर मोजक्या फांद्या झपाट्याने फोफावल्या, असं त्यांच्या गणितातून दिसतं. म्हणजे आज जगभर फिरतोय तो सिफिलिस आजोबांच्या काळातला नाही. रोग जुना, पण फांदी नवी.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस एका अक्षरासाठी.

अझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही औषधं जंतूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटतात. नेमकी जागा २३एस आरएनए, स्थान २०५८. हा क्रमांक ई. कोलायच्या जनुकावरून ठरलेला आहे. ट्रेपोनेमाच्या जनुकात सरळ २०५८ पर्यंत मोजत गेलं तर भलतीच जागा येते. म्हणून ई. कोलायचं जनुक शेजारी लावलं आणि जुळणारी जागा शोधली. निकोल्समध्ये तिथे ए. एसएस१४ मध्ये जी. या जंतूकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणून दुसरीही उघडली. तिथेही जी.

हे माहीत होतं, वाचलं होतं. तरी स्क्रीनवर ए च्या रांगेत तो जी दिसला आणि आम्ही दोघी गप्प झालो. एसएस१४ ज्या रुग्णाकडून आला त्याला पेनिसिलिनची ॲलर्जी होती, म्हणून एरिथ्रोमायसिन दिलं गेलं, आणि ते लागू पडलं नाही. १९७७ ची गोष्ट. का लागू पडलं नाही याचं उत्तर २००० मध्ये या एका अक्षरात सापडलं. सॅन फ्रान्सिस्कोत २००० नंतर अझिथ्रोमायसिनने बरे न होणारे रुग्ण दिसू लागले, तेही याच अक्षरामुळे. शेजारच्या २०५९ वरही असाच बदल होतो. पापुआ न्यू गिनीत यॉजसाठी गावंच्या गावं अझिथ्रोमायसिनने उपचारित केली, तिथे काही रुग्णांत तो मिळाला.

महत्त्वाचं असं की हा बदल एकदाच होऊन वारसाने पसरलेला नाही. ७२६ जीनोमच्या त्या मोठ्या झाडावर तो वेगवेगळ्या फांद्यांवर, स्वतंत्रपणे उगवलेला आहे. औषधाचा रेटा जिथे जिथे पडला तिथे तिथे. निकोल्सच्या बाजूलाही, एसएस१४ च्या बाजूलाही.

आणि पेनिसिलिन? १९४३ पासून सिफिलिसवर वापरात आहे. ऐंशी वर्षं झाली, त्याला दाद न देणारा ट्रेपोनेमा पॅलिडम आजवर नोंदला गेलेला नाही. अझिथ्रोसाठी एका अक्षराचा बदल पुरतो. पेनिसिलिन निकामी करणारं जनुक इतर जंतू बरेचदा बाहेरून मिळवतात, आणि बाहेरची वाट याच्याकडे बंद आहे (१७ जानेवारीची नोंद). या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आमच्या प्रकल्पाचं म्हणणं तयार होतं. झाड जंतूचं आहे, पण त्यावरच्या खुणा आपण कोणतं औषध कसं वाटलं त्याच्या आहेत.

९ फेब्रुवारी

रविवार. मिरजेला आत्याकडे. आत्या सिस्टर म्हणून रिटायर झाली, त्यातली बरीच वर्षं जत आणि कवठेमहांकाळकडच्या आरोग्य केंद्रांत गेली. प्रकल्प सांगितला तर तिने आधी विचारलं, "गरोदर बाईचं त्यात काय लिहिलंयस?" काहीच लिहिलं नव्हतं.

मग तिने बसवून सांगितलं. पहिल्या तपासणीलाच रक्त घ्यायचं, त्यात एचआयव्हीबरोबर सिफिलिसही. पॉझिटिव्ह आली की आधी ॲलर्जी बघायला टेस्ट डोस, मग बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, खोल स्नायूत, दोन कुल्ल्यांत निम्मं निम्मं. पावडरीत पाणी घालून कुपी हलवली की दुधासारखं दाट होतं. सुई जाड लागते, आणि भरलं की लगेच द्यायचं, थांबलं की सुईतच अडकतं. "बाईला दुखतं गं फार. पण मी प्रत्येकीला सांगायचे, हे तुझ्यासाठी नाही, पोटातल्यासाठी आहे. दात आवळून घ्यायच्या." बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी हे मिळालं तर बाळ सहसा वाचतं. नाही मिळालं तर गर्भ जातो, मूल मेलेलं जन्मतं, किंवा हाडं, यकृत, डोळे बिघडून येतं. "आणि नवऱ्याला आणायचं. नुसत्या बाईला टोचून काय उपयोग? ते आणणंच अवघड. इंजेक्शन सोपं."

गरोदरपणात पेनिसिलिनला पर्याय नाही. डॉक्सीसायक्लिन देता येत नाही, अझिथ्रोवर भरवसा नाही. माझ्या ए आणि जी चा अर्थ आत्याच्या ओसरीवर पुरता कळला.

निघताना ती म्हणाली, "आता तर शिंक आली की मेडिकलमधून अझिथ्रोची तीन गोळ्यांची पट्टी आणतात. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही." हे अहवालात घालायचंच. लक्षणं नसलेला, सुप्त सिफिलिस असलेला माणूस खोकल्यासाठी अझिथ्रो घेतो तेव्हा अंगातल्या जंतूवरही तोच रेटा पडतो, आणि त्याला स्वतःला पत्ताही नसतो.

१४ फेब्रुवारी

हाडांचा दिवस. जुन्या सांगाड्यांतून काढलेल्या डीएनएवरचे लेख वाचले.

युरोपात सिफिलिसची मोठी साथ १४९५ ला नेपल्सच्या वेढ्याच्या वेळी उसळली, कोलंबस परतल्यावर दोनच वर्षांनी. तेव्हापासून वाद: त्याने आणला की आधीपासून होता? आपल्याकडे भावमिश्राने सोळाव्या शतकात फिरंग रोग म्हणून त्याचं वर्णन केलं, पाऱ्याचे आणि चोपचिनीचे उपाय दिले.

डीएनएने वादात काय भर घातली? २०१८ मध्ये मेक्सिको सिटीतल्या वसाहतकाळातल्या सांगाड्यांत सिफिलिस आणि यॉज दोन्ही मिळाले. २०२० मध्ये युरोपातल्या जुन्या हाडांत अनेक प्रकार मिळाले, त्यात आज कुठेच न दिसणारी एक फांदीही होती. २०२४ च्या सुरुवातीला ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या सुमारे २००० वर्षं जुन्या सांगाड्यांतून बेजेलच्या जवळचा जीनोम आला. आणि आता डिसेंबरमध्ये मेक्सिको, पेरू, चिली, अर्जेंटिना इथल्या हाडांतून पाच जीनोम. त्यावरून या सगळ्या कुळाचा सामाईक पूर्वज साधारण ९००० वर्षांपूर्वीचा ठरतो, आणि कोलंबसाच्या आधीच अमेरिकेत या कुळाच्या अनेक फांद्या होत्या. माझं मत: मूळ अमेरिकेत, हा पुरावा आता भक्कम आहे. पण जगभर तो पसरला तो जहाजं, सैन्य आणि गुलामांचा व्यापार यांच्यामुळे. तिथल्या मूळ रहिवाशांवर त्याचा ठपका ठेवायला या झाडात काहीही आधार नाही. उलट देवी आणि गोवर त्यांच्याकडे गेले ते युरोपातून, आणि माणसं मेली ती अमेरिकेतली.

व्हॅलेंटाइन डे असल्यामुळे कॅन्टीन भरलेलं, लायब्ररी मोकळी. वाचन छान झालं.

२१ फेब्रुवारी

वगळलेल्या जनुकांतलं एक आज मुद्दाम उघडलं, टीपीआरके. अहवालातला मला सर्वात आवडलेला भाग हाच होणार.

बाकीचा जीनोम कमालीचा सावकाश बदलतो, एका वंशरेषेत एक अक्षर बदलायला कित्येक वर्षं लागतात. टीपीआरके मात्र एकाच रुग्णाच्या अंगात, आठवड्या-महिन्यांत बदलत राहतं. त्यात सात बदलते भाग आहेत. जीनोममध्ये दुसरीकडे छोट्या तुकड्यांचा साठा आहे, पन्नासच्या वर. तिथून तुकडा नकलून या सात जागांत बसवला जातो. गोधडीसारखं: चिंध्यांचं गाठोडं तेच, पण दर वेळी नवी गोधडी शिवून अंगावर. शरीराच्या अँटिबॉडी एका रूपावर तयार होईपर्यंत दुसरं रूप आलेलं असतं. त्यात जंतूच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनं मुळातच फार विरळ. म्हणून तो उपचाराशिवाय वर्षानुवर्षं, दशकंसुद्धा, अंगात टिकतो, आणि म्हणूनच अजून लस नाही.

हा नुसता तर्क राहिलेला नाही. या जंतूत जनुकबदल करणं २०२१ पर्यंत कुणाला जमलं नव्हतं. ते ज्या गटाला जमलं त्यानेच पुढे तुकड्यांचा तो साठाच काढून टाकलेला वाण बनवला. सशांमध्ये त्याचा संसर्ग सौम्य झाला आणि शरीराने तो लवकर आवरला. एका जीवाणूत एक घड्याळ इतकं संथ आणि दुसरं इतकं वेगवान, हे मी कुठल्याच दुसऱ्या विषयात वाचलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

प्रॅक्टिकलला आरपीआर, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी. कार्डावर सीरम, त्यावर कोळशाचे कण मिसळलेलं अँटिजेन, मिनिटाला १०० फेऱ्यांवर आठ मिनिटं फिरवायचं. निगेटिव्ह कंट्रोल एकसारखा राखाडी राहिला. पॉझिटिव्हमध्ये काळे दाणे गोळा होऊन कडेला सरकले. यात जंतूचं काहीच नसतं. अँटिजेन कार्डिओलिपिन, मूळ बैलाच्या हृदयातून मिळवलेलं. म्हणून इतर कारणांनीही खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि खात्रीसाठी टीपीएचए, म्हणजे या जंतूविरुद्धच्याच अँटिबॉडी शोधणारी तपासणी, लागते.

५ मार्च

आमच्या यादीत भारतातला एकही नमुना नाही. व्हायवाला हे विचारणारच, म्हणून एका सुरक्षा क्लिनिकच्या (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्याच्या) समुपदेशक ताईंना भेटलो.

त्यांनी कपाटातले रंगीत किट दाखवले. लक्षणावरून उपचार, त्याच भेटीत. जननेंद्रियावर व्रण असेल आणि तो हर्पीसचा नसेल तर पांढरा किट, त्यात बेंझाथिन पेनिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. पेनिसिलिन सिफिलिससाठी, अझिथ्रो शँक्रॉइड या दुसऱ्या जंतूच्या व्रणासाठी. पेनिसिलिन चालत नसेल त्याला निळा. रिपोर्टसाठी आठवडाभर थांबवलं तर माणूस परत येत नाही, म्हणून ही पद्धत. रुग्णाच्या दृष्टीने योग्यच आहे.

पण तिथेच नमुना हरवतो. रक्तात अँटिबॉडी भरपूर, जंतूचा डीएनए जवळपास नाही. तो मिळतो व्रणाच्या स्रावात, आणि व्रण दिसला की उपचार होऊन जातो. स्वॅब घेतलाच तर त्यात बहुतांश डीएनए माणसाचा. ट्रेपोनेमाला जुळणारे गळ टाकून तेवढाच वेगळा काढावा लागतो, तेव्हा कुठे जीनोम वाचता येतो. म्हणजे जिथे रोग लक्षणांवरूनच ओळखून बरा केला जातो, तिथला जंतू झाडावर पोचतच नाही. आपल्याकडच्या फांदीत २०५८ वर ए आहे की जी, हे कळायला एक कापसाची काडी आणि रुग्णाची संमती एवढीच सुरुवात लागते.

१८ मार्च

संमतीवरून आमच्यात खूप बोलणं झालं. ताईंनी विचारलं होतं, "तुमच्या त्या झाडावरून कुणी कुणाला दिला हे कळतं का? कळत असेल तर माझ्या बायकांकडे येऊ नका."

याचं उत्तर नीट शोधलं. कळत नाही. घड्याळ इतकं संथ आहे की गेल्या वीस वर्षांत १४ वेगवेगळ्या देशांत मिळालेल्या काही नमुन्यांचा गाभ्याचा जीनोम अक्षरशः एकसारखा निघाला. सांगलीतल्या दोघांचे जीनोम तंतोतंत जुळले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध आला होता असं त्यावरून ठरत नाही, कुणाकडून कुणाला हे तर नाहीच. हे संमतीपत्रात पहिल्याच परिच्छेदात, साध्या मराठीत यायला हवं. नाव, गल्ली, व्यवसाय काही नको. वय दशकात, जिल्हा, महिना. बस्स.

या जिल्ह्याला हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. संग्राम संस्था १९९२ पासून सांगलीत आहे, आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी १९९६ मध्ये स्वतःची संघटना उभी केली, व्हॅम्प. एचआयव्हीच्या काळात कंडोम वाटायचं, समजावून सांगायचं काम त्यांनी स्वतः केलं. "रोगाचा स्रोत" म्हणून बोट दाखवलं जात असताना केलं. आमच्या मसुद्यावर पहिलं मत त्यांच्यासारख्या बायकांचं घ्यावं असं मी सुचवलं. मॅडम लगेच हो म्हणाल्या.

२७ मार्च

अहवाल बाइंडिंगला दिला. पहिल्या पानावर यॉजवाल्या आरोग्यसेवकांसाठी ओळ आहे. गरोदर मातांवरचं पान आत्याने वाचून दुरुस्त केलं. "टेस्ट डोसनंतर ॲड्रेनालिन हाताशी ठेवायचं" हे वाक्य तिचं.

पुढच्या बॅचसाठी मॅडमबरोबर एथिक्स कमिटीच्या अर्जाचा कच्चा मसुदा केला: व्रणाचा स्वॅब, उपचार आधी लिहून द्यायचे, स्वॅबला नकार दिला तरी किट त्याच वेळी मिळणार. आधी फक्त २३एस जनुकाची पीसीआर (तेवढ्याच तुकड्याच्या प्रती वाढवणारी तपासणी), २०५८ आणि २०५९ या दोन जागा. पूर्ण जीनोम जमला तर नंतर. संमतीपत्र ताईंकडे वाचायला दिलंय, त्यांच्या खुणा आल्या की सोमवारी दुसरा मसुदा.